नलूमावशीचा ठेका

राजूरच्या कोळसाखाणीजवळ आमचं लहानसं चर्च आहे. तिथं ढोलकीवर माझी नलूमावशी बसायची. ढोलकी आधी मावसाजींकडे होती, ते वारल्यावर तिनं ती मांडीवर घेतली. बाईमाणसानं ढोलकी बडवायची का, असं विचारणारे पहिल्याच भजनाला गप्प झाले. काय हात होता तिचा! आता तिच्या कोपऱ्यात ठेका देणारं मशीन वाजतं. मशीन चुकत नाही, पण मला त्याचा रागच येतो.

ही बाई रविवारची सगळी मिस्सा, म्हणजे उपासना, वाजवायची, पण शेवटी फादरांच्या हातून परमप्रसादाची भाकर घ्यायला रांग लागली की जागची हलायची नाही. वर्षानुवर्षं असंच. विधवा आहे, कुठंतरी पाणी मुरतंय, असं लोक बोलायचे आणि त्याच तोंडानं प्रसाद घ्यायचे.

मग नवे फादर आले. ईस्टरच्या आधी त्यांनी तिला पापकबुलीला बसवलंच. आत काय झालं, ते पुढं तिनंच मला सांगितलं. ऐन प्रार्थनेत तिच्या मनात एका माणसाबद्दल नको ते विचार यायचे. माणूस कोण, हे मी खोदून विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

"हाकलते फादर, पण ते विचार पुन्हा येतेच. अशा मनानं प्रसाद कसा घेऊ?"

फादर म्हणाले, "गेल्या रविवारी मिस्सा चालू असताना बाहेरून वरात गेली. डीजेवर घाणेरडं गाणं होतं. तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं ना. भिंती हालून राह्यल्या होत्या."

"मग तुमच्या ढोलकीनं त्याचा ठेका धरला?"

मावशी भडकली. "कायले धरीन? मी तं आपलंच भजन आणखी जोरात वाजवलं!"

"मग झालं तर. ऐकू आलं त्याचं पाप नाही, नलूबाई. जाणूनबुजून ठेका धरून तुम्ही त्यात रमला असतात, तर ते पाप."

पुढच्या रविवारी तिनं ढोलकी खाली ठेवली आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. प्रसाद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. मला वाटलं, आनंदाचं रडू आहे.

"काहून रडून राह्यली मावशी?"

"कोणी वाढत नव्हतं असं नाही वं," ती म्हणाली. "मीच उगाच एवढी वर्षं उपाशी राह्यली."