ओठ मिटून केलेली साथ

आमच्या संगीत विभागात विद्यार्थ्यांच्या गाण्याला पियानोची साथ करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. गाणारा शब्द विसरला, की त्या नुसते ओठ हलवून त्याला पुढची ओळ पुरवत. माझी निम्मी पदवी त्यांच्याच ओठांची आहे.

शेवटच्या परीक्षेला त्यांची स्वतःची लेक गायला उभी राहिली. सकाळीच तिने दम भरला होता, "आई, आज ओठ हलवलेस तर बघ! लोक म्हणतील, आईनेच पास केली."

दुसऱ्या कडव्यापाशी पोरगी नेमकी अडली. ताईंनी ओठ असे गच्च मिटले, की दाढ दुखतेय असं वाटावं. बोटं मात्र मधली सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. लेकीने वळून आईचं ते तोंड पाहिलं, तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच ओळ आठवली. पुढचं सगळं ती मोकळ्या गळ्याने गायली.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मधलं वादन जरा लांबलं, नाही?"

"चालच तशी आहे, सर." हे मात्र ती जराही न अडता बोलली आणि टाळ्या घ्यायला आईला हाताला धरून पुढे घेऊन आली.