आकड्यांना नावं देणाऱ्या बाई

बोलायच्या आधी त्या ओढणीच्या टोकानं कॉम्प्युटरची काच पुसायच्या. काच स्वच्छ असली तरी पुसायच्या. मग खुर्ची न ओढता, उभ्यानंच, समोर जो कोणी असेल त्याला विचारायच्या, "ह्याला तुम्ही काय म्हणता?"

हा प्रश्न त्यांनी आमच्याकडच्या प्रत्येकाला विचारला असेल. अंडी लावणाऱ्या बायांना, वॉचमनला, मलासुद्धा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याला शिकून सवरून पुन्हा लोकांना विचारत बसायची खोड असते. मला आधी त्याचा वैताग यायचा.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं अंडी उबवणी केंद्र होतं. मी तिथं पिल्लांची खोकी गाड्यांत भरून रवाना करायचो. दोन हजार साल उजाडायच्या सुमाराला साहेबांनी कॉम्प्युटर आणला. उबवणीच्या मशीनला आम्ही सेटर म्हणायचो. खोलीएवढं कपाटच ते. आत अंड्यांचे ट्रे, हीटर, पंखा, पाण्याचा फवारा. आत काही बिघडलं की सेटर एक नंबर पाठवायचा आणि तो कॉम्प्युटरवर दिसायचा. चार, सात, अकरा. त्यांचा अर्थ इंग्रजी पुस्तकात, पुस्तक साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब पुण्यात.

म्हणून प्रोग्राम लिहायला ह्या बाई आल्या. केडगावच्या पुढच्या एका वस्तीवरच्या, धनगराच्या घरातल्या. घरात कॉम्प्युटर शिकलेल्या त्या पहिल्याच. काम असेल त्या दिवशी सकाळी चौफुल्यावर जीप पकडायच्या आणि केसांत रस्त्याची धूळ घेऊन दारात उभ्या राहायच्या.

"आकड्याला तोंड नसतं," असं त्या नेहमी म्हणायच्या. "आमची आई मेंढरं कवाच मोजत न्हाई. मोजली की नजर लागती म्हणं. पर सांजच्याला एक जरी मागं राहिलं तरी सांगती, कोळशी आली न्हाई. आकड्यानं नुसतं कमी हाय एवढंच कळतं. कोण ऱ्हायलं ते नावानं कळतं."

तर त्यांनी प्रोग्रामात प्रत्येक नंबरापुढं एक नाव लिहिलं, आणि ते पुस्तकातलं नाही. फवारा बंद पडला की अंडी लावणाऱ्या बाया म्हणायच्या, अंडी तहानली. म्हणून पडद्यावर यायचं, "तहान लागली". उष्णता वाढली की "ताप चढला". आणि सात नंबरला "दार उघडं".

साहेब हसले. "बाई, ही बालवाडी आहे का?"

"साहेब, ज्याला कळंल तोच पळंल ना?" बाई म्हणाल्या, आणि पुन्हा काच पुसायला लागल्या.

कॉम्प्युटर सेटरच्या खोलीतच होता आणि तिथं चाचा असायचे. शिरूरच्या जुन्या मोहल्ल्यातले, साठीकडे झुकलेले, अक्षराला अक्षर जोडून वाचणारे. नंबर यायचे तेव्हा चाचा सेटरला शिव्या द्यायचे. नावं यायला लागल्यावर पडद्याशी बोलायला लागले. "तहान लागली" आलं की, "आलो बाबा, आलो," म्हणत पाण्याच्या नळाकडे धावायचे. बाईंना हे फार आवडायचं. त्या मुद्दाम दाराआड उभ्या राहून ऐकायच्या.

मग साहेबांनी दुसऱ्या कंपनीचा एक सेटर स्वस्तात उचलला. बाईंनी तो त्याच कॉम्प्युटरला जोडला. ताप आणि तहान तपासून बघितले, नंबर जुन्यासारखेच निघाले. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि बाकीचे नंबरही तेच असणार असं त्यांनी धरलं.

मे महिन्याची दुपार होती. नव्या सेटरसाठी पडद्यावर आलं, "दार उघडं". चाचांनी दार बघितलं, ते बंद होतं. तरी पुन्हा दाबून लावलं. पडदा म्हणाला, दार उघडं. चाचांनी कडीला सुतळी बांधली. दार उघडं. शेवटी ते सेटरच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसले आणि पाय समोरच्या भिंतीला रेटून दार दाबून धरलं. अंडी लावणाऱ्यांपैकी एकजण चहा घेऊन गेली, तिला म्हणाले, "दार ऐकंना गं. पर मी हाय हितं, काळजी न्हाई."

दुपारभर ते तसेच बसले. पाठीला दार गरम लागत होतं, ती उन्हाळ्याची झळ असेल असं त्यांना वाटलं. नव्या कंपनीचा सात नंबर दाराचा नव्हताच. तो पंखा थांबल्याचा होता. पडद्यावर एका वेळी एकच बिघाड दिसायचा, पहिला मिटेपर्यंत पुढचा नाही, म्हणून ताप चढल्याचंही आलं नाही.

त्या आठवड्यात फुटायची होती ती सगळी अंडी आत उकडून गेली. दार उघडल्यावर चाचा आत शिरले. एक अंडं उचलून त्यांनी कानाला लावलं आणि परत जागेवर ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. "एवढी वर्षं काम करताय चाचा, आत डोकवावं एवढंही सुचलं नाही? उद्यापासून येऊ नका." चाचा मान खाली घालून उभे होते. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार होतं?

बाई पुढं झाल्या. त्या दिवशी त्यांनी काच पुसली नाही. "दार उघडं, हे लिहिलं कुणी? मी लिहिलं. चाचांनी वाचलं आन् तसं केलं. कुणाला काढायचं असंल तर मला काढा."

त्यांना काढणं साहेबांना परवडणारं नव्हतं, प्रोग्राम दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. चाचा राहिले. पण साहेबांनी हुकूम सोडला, नावं काढून टाका, पुन्हा नंबर आणा. बाईंनी फक्त थोडे दिवस मागून घेतले.

नंतर त्या माझ्या खोक्यांच्या ढिगामागं बसून रडल्या. मी आपला पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. "दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू आपल्यात आलं," त्या म्हणाल्या, "तर आई त्याला आपल्या मनानं नाव देत न्हाई. आधी त्याच्या मालकाला इचारती, ह्याला काय म्हणता. मी हितं समद्यांना इचारलं. त्या मशीनलाच तेवढं इचारलं न्हाई."

मग त्यांनी मशीनला विचारलं. नवा सेटर रिकामा ठेवून एकेक बिघाड स्वतः केला. पंखा थांबवला, दार उघडलं, पाणी तोडलं, आणि कोणता नंबर येतो ते बघून त्या सेटरची नावं वेगळी लिहिली. आणखी एक गोष्ट केली. जो नंबर कधीच आला नव्हता, त्याच्यासाठी पडद्यावर एवढंच यायचं: "मला ओळखू येत नाही. आत बघा." खाली बारीक अक्षरात तो नंबर. हे बघून साहेबांनी आपला हुकूम मागं घेतला, आणि नावं राहिली.

चाचा मात्र पडद्याकडे बघेनात. दर थोड्या वेळानं प्रत्येक सेटरला तळहात लावून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. बाई आल्या की तोंडभर बोलायचे, पण पडद्याकडे पाठ करून. बाईंना ते लागायचं. आम्हाला ते दिसायचं.

पावसाळ्यात एका सकाळी नवा सेटर वाजला. मी तिथंच होतो. चाचांनी नाइलाजानं मान वळवली आणि अक्षर जोडत वाचलं, "मला... ओळखू... येत नाही." थांबले, पुन्हा वाचलं आणि हसले. त्या मे महिन्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"आता खरं बोलतंय," ते म्हणाले, आणि दार उघडून आत शिरले. पंख्याचा पट्टा झिजून तुटायला आला होता. अंडी वाचली.

चाचांनी स्वतः ऑफिसात जाऊन बाईंना फोन लावला. "ताई, पट्टा गेलता. ह्याला नाव द्या काय तरी."

"तुम्हीच द्या चाचा."

चाचांनी बराच विचार केला. "पट्टा दमला," म्हणाले. पुढं कायम तेच नाव पडद्यावर यायचं.

दोनेक वर्षांनी बाई पुण्याला मोठ्या नोकरीवर गेल्या. जाताना त्यांनी काच पुसली, चाचांच्या पाया पडल्या आणि जीप चुकेल म्हणून पळाल्या. नंतर चाचाही थकले, घरी बसले. काही वर्षांनी केंद्रच बंद झालं. सेटर भंगारात निघाले, ऑफिसात आणून ठेवलेला कॉम्प्युटर न्यायला टेम्पो यायचा होता. मी शेवटचं म्हणून तो चालू केला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, बाईंना फोन लावला.

"काय दाखवतोय?" त्यांनी विचारलं. आवाज तोच होता.

सेटर जोडलेलेच नव्हते, तो बिचारा काय दाखवणार? मी वाचून दाखवलं. "मला ओळखू येत नाही. आत बघा."



"मग बघितलं का आत?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला. सेटरच्या खोलीत गेलो. जमिनीवर सेटरच्या जागेचे चौकोन तेवढे उमटून राहिले होते. भिंतीवर, चाचांनी पाय रेटले होते तिथं, रंग उडालेला होता. मी परत आलो.

"बघितलं. कोणी नाही आता."

"बरं," बाई म्हणाल्या. "काच पुसा आन् बंद करा."