खाडाखोड नसलेली वही

आमचं कॉलेज एका बंद पडलेल्या जिनिंगच्या लांबलचक शेडमध्ये भरायचं. बडनेऱ्याहून अकोल्याकडं जाताना ते गाडीतून दिसे. यंत्रं कधीच निघून गेली होती, पण आढ्याला अडकलेला कापूस राहिला होता. वारा सुटला की शिकवता शिकवता एखादा पुंजका अलगद खाली यायचा आणि कुणाच्या वेणीवर, कुणाच्या वहीवर, कधी माझ्या बाहीवर बसायचा. मी मराठी शिकवत होतो, पंचविशीत होतो, आणि निम्मा तास त्या पुंजक्यांमागं जायचा. स्वभावच तसा. तोंडानं बोलण्यापेक्षा बघत बसणं मला बरं वाटे. अक्षर मात्र चांगलं होतं आणि त्यापायीच नियामक मंडळाची वही माझ्या गळ्यात पडली.

कॉलेज चालवायचं ते हे मंडळ. त्यात सात जण होते, बोलायचे दोघंच. एक आमच्याच गावचे अध्यक्ष, ज्यांची ती शेड होती, आणि दुसरे अकोल्याचे वकीलसाहेब. बाकीचे माना डोलवायचे. सभा अध्यक्षांच्या बैठकीत दुपारी भरायची. बाहेरच्यांना परतीची पॅसेंजर गाठायची असे, म्हणून काय ठरणार ते प्राचार्य सकाळीच मला सांगत आणि मी सभेआधीच वहीत लिहून ठेवत असे. सभेत चहा झाला की ठरायचंही तेच. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे, मलाही नाही.

अध्यक्ष चौथीपर्यंत शिकलेले. त्यांची देखरेख त्यांच्या पद्धतीची होती. ते पान वाचत नसत, खिडकीच्या उजेडाला धरत आणि कुठं खोडलंय का ते बघत. "खोडलेलं दिसलं का लोकं म्हंतात, या मंडळवाल्यायचं आपसात जमत नाही," असं ते सांगत. पान फाडायची तर सोयच नव्हती. पानांवर आकडे घातलेले होते आणि दरवर्षी विद्यापीठाची समिती यायची, ती आधी पानं मोजायची.

रसायनशास्त्र शिकवणारा माझा मित्र माझ्याच खोलीत राहायचा. वडील रेल्वेत गँगमन, घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं, आणि घरातला हा पहिला पदवीधर. पहाटे उठून तो एकटाच प्रयोगशाळेतल्या काचा पुसत बसे. त्या कोवळ्या उन्हात कापूस तरंगताना मी दारात उभा राहून बघत असे आणि हे असंच चालू राहावं असं मला मनापासून वाटे. त्याची उमेदवारीची दोन वर्षं त्या मे महिन्यात संपत होती. प्राचार्यांनी सकाळी सांगितलं त्याप्रमाणं मी पाचवा ठराव लिहिला, त्याला नोकरीत कायम करण्याचे सर्वानुमते ठरले.

दुपारी बैठकीत वाळ्याचे पडदे ओले करून सोडलेले. आत हिरवट अंधार, पाण्याचा टपटप आवाज, आणि तो वास, ज्यानं माणूस जागेपणीच झोपतो. अध्यक्षांनी डोळे मिटलेले, हातपंखा पोटावर. पाचवा विषय आला तसे वकीलसाहेब म्हणाले, "हे पुढच्या सभेवर टाकू. बघू आणखी."

कारण त्यांनी दिलं नाही, कुणी विचारलं नाही. पुढची सभा पावसाळ्यानंतरच भरायची, तेव्हा पुढं टाकणं म्हणजे जूनमध्ये त्याच्या जागी दुसरा, हे सगळ्यांना माहीत होतं. कारणही माहीतच होतं. माझ्या हातात पेन होतं आणि तोंडात जीभ होती. वही लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं, असं मी मनाशी म्हणालो आणि पडद्यावरून ओघळणारं पाणी बघत राहिलो. निघताना प्राचार्य कानाशी कुजबुजले, "तेवढं दुरुस्त करून घ्या."

मी दुरुस्त केलं नाही. विसरलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर वही उघडली होती, पेनही टेकवलं होतं, पण ओळ काही खोडवेना. प्राचार्य सुट्टीला अमरावतीला गेले. जूनमध्ये कारकुनानं वहीत बघून हुकूम टाइप केला. प्राचार्यांनी तो वाचला, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि सही केली. पावसाळ्यात समिती आली, पानं मोजली, ठराव वाचले, रसायनाला कायम प्राध्यापक आहे म्हणून समाधान व्यक्त करून गेली. मला मात्र झोप लागेनाशी झाली, कारण पुढच्या सभेत मागचं सगळं मोठ्यानं वाचून मंजूर करून घ्यायचं असतं, आणि वाचायचं मीच.

ती सभा दिवाळीनंतर झाली. मंडळातल्या शेंदूरजनाघाटच्या बागाईतदारांनी संत्र्यांची टोपली आणली होती, खोलीभर सालीचा वास. मी वाचत गेलो. पाचवा ठरावही लिहिला होता तसाच वाचला.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "हे असं ठरलं नव्हतं."

अध्यक्षांनी हात पुढं केला. मी वही दिली. ते उठून खिडकीशी गेले, पान उजेडाला धरलं, वरून खाली, खालून वर.

"खोडलेलं तं कुठीच नाही."

"अहो, खोडायचंच राहिलं आहे. विषय पुढं ढकलला होता आपण."

"समिती पाहून गेली हे पान. आता खोडलं तं त्यायले काय सांगू?"

"पण ठरलं नव्हतं ना."

"मले तं ठरलं असंच आठवते," अध्यक्ष म्हणाले आणि सही करून टाकली. त्यांना वही जपायची होती, का पोराचं भलं करायचं होतं, का वकिलाची जिरवायची होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बागाईतदारांनी संत्र्याच्या फोडी सगळ्यांना वाटल्या, वकीलसाहेबांनीही घेतल्या.

संध्याकाळी खोलीवर मित्राचे वडील आले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पोरगा कायम झाल्यापासून त्यांना मंडळातल्या प्रत्येकाला भेटून हात जोडायचे होते, आणि सभा आहे कळल्यावर ते मुद्दाम रजा टाकून आले होते. सगळे गाडीला निघून गेले होते, फक्त मी सापडलो.

"माह्या पोरासाठी तिथं कोन कोन बोललं, बापू?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. खडी टाकून टाकून त्यांचे तळवे दगडासारखे झाले होते.

"तुमीबी बोलले असान."

मित्र स्टोव्हवर चहा ठेवत होता. तोही वळून माझ्याकडं बघत होता. मी हो म्हणालो.