ज्याला ठसका लागला नाही

तो खोकला तुमचाच होता. दाराआडून आम्ही स्वच्छ ऐकला. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हैस खोकली." तुमच्या घरी म्हैस नव्हती. कधीच नव्हती. बरं, नाव घेत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे. आणि त्या उन्हाळ्यात शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, अशा म्हशी घरोघर खोकत होत्या.

कोरोनाची दुसरी लाट. मी धुळ्याला समाजकार्याचं एमएसडब्ल्यू संपवून या भागातल्या घरोघरच्या कोरोना सर्व्हेत लागले होते. आमचं पथक तिघांचं: मी, गावच्या आशा कार्यकर्त्या मीनाताई आणि गाडीवाला बापू. असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. पीपीई किट काढताना घामाबरोबर तेही निथळतात.

पण आधी अडचण सांगते. गावातला पहिला पेशंट आम्ही धुळ्याला पाठवला, तो वाचला नाही. फार उशिरा गेला होता. गावाने मात्र उलट अर्थ काढला: उशिरा गेला म्हणून नाही, गेला म्हणून मेला. तेव्हापासून प्रत्येक दारात एकच उत्तर. "धुयाले गया तो गया. परत कोन ऊना ते सांग."

परत कोण आला, एवढंच त्यांचं विचारणं. आम्हाला परत आलेला एक माणूस हवा होता. फक्त एक.

*

ताप मोजायची बंदूक कपाळावर धरली की दुपारी सगळ्यांनाच ताप. शेतातून आलेला माणूस चुलीतून काढलेल्या वांग्यासारखा तापलेला असायचा. म्हणून मी नियम केला: आधी निंबाखाली बसायचं, मग तपासणी.

गावाने नियम लगेच शिकून घेतला. ज्याला खरा ताप, तोही म्हणायचा, "माले काय व्हयनं? ऊन लागनं." आणि थेट निंबाखाली जाऊन बसायचा.

एक दिवस अख्ख्या गल्लीचं तापमान एकदम सुरेख आलं. मी खूश. मीनाताईंनी एकीच्या कपाळाला हात लावला आणि हाताकडे बघत राहिल्या. ओला होता. आमची गाडी दिसली की सगळी गल्ली माठातल्या पाण्याने कपाळ धुऊन घ्यायची.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी बराच वेळ विचार करत होते, की ही कल्पना पहिल्यांदा सुचली कोणाला असेल?

*

गाडीचा आवाज आला की अर्धं गाव शेतात पळायचं. बापूने यावर उपाय काढला. लॉकडाऊनमुळे घरी बसलेल्या, बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या गारीगारवाल्याची घंटी त्याने मागून आणली आणि गाडीला बांधली.

पहिल्या दिवशी पोरं आली, पोरांमागे आया आल्या, आयांमागे म्हातारे. भराभर तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि गाव रिकामं.

पुढे गारीगारवाला दुसरी घंटी लावून खरोखरच सायकल घेऊन आला. घंटी वाजवली मात्र, लोक चपला सोडून पळाले. तो बिचारा पेटी उघडून चौकात एकटा उभा.

बापू म्हणाला, "मॅडम, कोरोनाने नाही, आपण बसवला त्याचा धंदा."

*

जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारे एक काका होते. बोटांची कातडी टायरसारखी. ऑक्सिमीटर लावला तर आकडाच येईना. हे बोट, ते बोट, दुसरा हात. स्क्रीनवर नुसत्या रेघा.

काका शांतपणे म्हणाले, "तुन्हा मशीनले मी मरेल दिसस का?"

शेवटी कानाच्या पाळीला लावून आकडा मिळाला. चांगला होता. जाताना त्यांनी ऑक्सिमीटरकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "चष्मा लावा त्याले."

*

आता मीनाताईंचं घर. त्यांचे सासरे आबा. गावात आबांनी एक सांगितलं की दुसरं कोणी बोलायचं नाही. आणि धुळ्याला कोणी जायचं नाही, हे आबांनीच सांगितलेलं. सासूबाई अक्का. त्या आमच्याशी अवाक्षर बोलत नसत. नवऱ्याचं ऐकायचं की सुनेचं, या प्रश्नावर त्यांनी मौन हे उत्तर काढलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा अक्का वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजत होत्या. दारातच बापू वाकडा झाला. माझ्या मास्कमधून, शील्डमधून धूर आत शिरला. शेजारची बाई पलीकडून शिव्या देत खोकत होती. ओसरीवर बांधलेली बकरीसुद्धा शिंकली.

आबा खाटेवर निवांत. धूर त्यांच्या अंगावरून जात होता. म्हणाले, "यंदानी मिरची काय कामनी नही. ठसकाच लागत नही."

मीनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ऑक्सिमीटर काढला. आकडा पाहून आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंही टाळलं.

"आबा, धुळ्याला जावं लागेल," मीनाताई म्हणाल्या.

"नही."

"तुम्ही नाही गेलात तर उद्या मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याला सांगू?"

"म्हंजे मन्हा जीववर तुनी नोकरी चालाडनी का?"

"हो," मीनाताई म्हणाल्या.

आबांना हसू आलं. हसता हसता धाप लागली, ती थांबेना. तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं असावं. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "बापू, ती गारीगारनी घंटी वाजाडू नको रे."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मीनाताई मला म्हणाल्या, "हे परत आले नाहीत, तर या गावात मला कोणी दार उघडणार नाही. आमच्या घरचंही."

*

आबा तिकडे ऑक्सिजनवर, आणि इकडे गावात मिरचीची तपासणी सुरू झाली. ज्याच्यावर संशय, त्याला चुलीपुढे बसवायचं. खोकला तर चांगला, न खोकता बसून राहिला तर आम्हाला निरोप. आयुष्यात पहिल्यांदा लोक आपणहून आम्हाला बोलवत होते.

मी घाबरून आमच्या डॉक्टरांना फोन केला. वास जाणं आणि ठसका न लागणं एकच का? याचा भरवसा किती धरायचा? ते म्हणाले, "असली टेस्ट कुठल्या पुस्तकात नाही. ठसका लागला म्हणून कोणाला सोडू नका, सगळ्यांचे स्वॅब घ्या." मग जरा थांबून, "मिरची कोणती वापरतात?"

आबांची खबर फोनवर यायची. आज तसेच आहेत. आज तसेच आहेत. मीनाताई फोन ठेवायच्या आणि पुढच्या दाराकडे चालू लागायच्या. मग एक दिवस त्या पदरात तोंड घालून हसत आल्या. "आबा तिथल्या डाळीला नावं ठेवायला लागले."

*

आबा आले तेव्हा गाव दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभं होतं. लांबूनच. आबा वाळून अर्धे झाले होते, पण चालत आले. मी डिस्चार्ज कार्ड उंच धरलं. कोणी बघेना. मी समजावून सांगायला लागले. कोणी ऐकेना. सगळे अक्कांकडे बघत होते.

अक्का उंबऱ्याआड उभ्या होत्या. त्यांनी हाताने आबांना "थांबा" केलं आणि आत गेल्या. मी मीनाताईंना विचारलं, "काय झालं?" त्यांनाही माहीत नव्हतं.

आतून तव्याचा आवाज आला. मग धूर आला.

आबा दारातच वाकले. असा ठसका लागला की खांब धरावा लागला. डोळ्यांतून, नाकातून पाणी. बापूने पाणी पुढे केलं, तर तोही खोकत होता. ओट्यांवरची माणसं खोकत होती, आणि कोणी मागे सरकत नव्हतं.

अक्का बाहेर आल्या. पदराने डोळे पुसले आणि आमच्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"आते ल्या त्यासले घरमा."