गुडघ्याजवळचा पांढरा पट्टा

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. खिदिरपूरच्या त्या पाच वर्षांच्या मुलीचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते.

पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. तिथल्या गोदीजवळच्या पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. एका सकाळी एक माणूस धापा टाकत आला. "दारोगाबाबू, माझी भावजय सावत्र मुलीला विष घालते आहे. भाऊ जहाजावर गेलाय. पोर वाचायची नाही!"

मुलीला खरोखरच झटके येत होते. तिला रुग्णालयात हलवले आणि बाईला ताब्यात घेतले. ठाण्याबाहेर वस्ती गोळा झाली, शिव्याशाप सुरू झाले.

"मी काही घातलं नाही," एवढेच बाई सांगत राहिली. तिच्या खोलीच्या झडतीत काही मिळाले नाही. मुलगी दगावली तर खुनाचा गुन्हा लागणार, हे तिलाही कळत होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी मुलीच्या पायांचा एक्स-रे उजेडासमोर धरला. गुडघ्याजवळ, हाड जिथून वाढते नेमका तिथे, ठळक पांढरा पट्टा होता.

"ही शिशाची खूण," ते म्हणाले. "एका घासाचं हे काम नव्हे. कित्येक महिने थोडंथोडं अंगात जातंय. हाडाची वाढच बिघडवलीय त्यानं."

परत येऊन मी बाईला विचारले, "पोर दिवसभर असते कुठे?"

तिने दाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मागच्या अंगणात, दिरांच्या भट्टीपाशी. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात. तोंड उघडलंस तर घराबाहेर काढीन म्हणालेत."

आम्ही लगेच छापा घातला. गोदीतून चोरलेल्या बॅटऱ्या आणि शिशाच्या लाद्या सापडल्या. राखेत मुलांची खेळणी पडली होती.

"माल माझा," सकाळी तक्रार घेऊन आलेला दीर म्हणाला. "पोरीचं मला काय माहीत?"

मी एक्स-रे त्याच्यासमोर ठेवला. "तुमचा मुलगाही तिथंच खेळतो ना? त्याचाही काढून घेऊ."

त्याचा चेहरा उतरला. "त्याचेही पाय दुखतात," एवढे बोलून त्याने सगळे कबूल केले. पोरीला झटके येऊ लागल्यावर डॉक्टर खोलात शिरले तर भट्टी उघडी पडेल, या भीतीने त्याने आधीच भावजयीवर आळ घेतला होता.

त्याच्या मुलाच्या हाडांतही तोच पट्टा निघाला. बाप तुरुंगात, आई आधीच वारलेली. दोन्ही पोरांना उपचारांसाठी नेत राहिली ती ही बाईच. पोरे वाचली, उंची मात्र खुंटली.

विषाच्या प्रकरणात आम्ही पोलीस आधी वैर शोधतो. तिथे वैर नव्हतेच. होता तो लोभ, आणि त्याला पोटचे पोरही दिसत नाही.