वाढवलेली चाल

“चाल चाळीस सेकंदांची आहे. बारा मिनिटांची करून द्या,” कोथरूडच्या एका शाळेचे सेक्रेटरी म्हणाले.

“बाराच का?”

“माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. प्रमुख पाहुणे उशिरा येणार. तोवर लोकांना बसवून ठेवायला हवं.”

कलेची इतकी स्वच्छ गरज मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

मी अरेंजर. म्हणजे चाल दुसऱ्याची. कोणतं वाद्य कुठे आणि किती वाजेल, ते मी ठरवतो. ही चाल शाळेच्या प्रार्थनेची. बापटबाईंनी, म्हणजे शाळेच्या निवृत्त संगीतशिक्षिकेनं, बांधलेली. आयुष्यात लोकांपुढे आलेली त्यांची ही एकच चाल. ‘वाढवलेली चाल मला पटली नाही तर वाजवायची नाही’ असं त्यांनी सेक्रेटरींकडून आधीच लिहून घेतलं होतं.

चालीत दुसऱ्या ओळीनंतर दोन मात्रा, म्हणजे तालाचे दोन ठोके, रिकामे होते. बाई विसरल्या असतील, असं समजून मी तिथे बासरी घातली. मग व्हायोलिनं, कोरस, ओळींच्या मधे वाजणारे इंटरल्यूड. दहा मिनिटं भरली. उरलेल्या दोनसाठी तेच सगळं संथ वाजवलं. याला आमच्याकडे डेव्हलपमेंट म्हणतात.

रिहर्सलला बाई आल्या. बासरीपाशी मुलं दर वेळी अडखळत होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“छान वाढवलीत हो.”

मी थँक यू म्हणालो.

“नारळ वाढवतात ना, तशी.”

व्हायोलिनवाले खाली बघून हसले. फोडला म्हणायचं नाही म्हणून वाढवला म्हणतात, एवढं मराठी मलाही येतं.

“त्या दोन मात्रा रिकाम्या का होत्या, विचारलंत कधी?”

“नाही.”

“पहिलीची पोरं तिथे श्वास घेतात. तो तुम्ही बासरीला देऊन टाकलात.”

मला खरोखर लाज वाटली. बासरी काढली. मग एकेक करत बाकीचंही निघालं. उरली पेटी आणि मुलं.

“अहो, पण बारा मिनिटांचं काय?” सेक्रेटरी कळवळले.

“पाहुण्यांना वेळेवर बोलवा,” बाई म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे अर्थातच उशिरा आले. मुलांची प्रार्थना चाळीस सेकंदांत संपली. मग सभागृहातले माजी विद्यार्थी उठले आणि पुन्हा म्हणू लागले. टक्कल पडलेले, नातवंडं घेऊन आलेले. दुसऱ्या ओळीनंतर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. तो मला मागच्या रांगेत ऐकू आला. बाई डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले होते.

कार्यक्रमपत्रिकेत ‘संगीत-विस्तार’ म्हणून माझं नाव तसंच राहिलं होतं.

तेव्हापासून कोणाचीही चाल हातात आली की मी आधी रिकाम्या जागा मोजतो. आणि बाई छान म्हणाल्या, की थँक यू म्हणायची घाई करत नाही.