दाबलेली शिंक

माझ्या वरच्या जबड्यात बसवलेलं हाड टिकलं नाही, त्यात डॉक्टरबाईंची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. ती घडली त्याच क्षणी मला कळली होती, आणि तरीही पुढचं जवळजवळ वर्षभर मी ती त्यांच्या नावावर खपू दिली. हे आधीच लिहून टाकतो, कारण थोडं थांबलो की मी कारणं शोधायला लागतो. त्या कामात मी हुशार आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होतो. तंबाखू तिथेच लागली. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास हिरड्या इतक्या खराब झाल्या की वरच्या डाव्या बाजूच्या तीन दाढा हलू लागल्या आणि एकेक करून काढाव्या लागल्या. तिसरी दाढ काढून घरी आलो, तेव्हा बायकोने मला देव्हाऱ्यासमोर बसवलं, हातावर पाणी घातलं आणि तंबाखू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. मी घेतली. पाळलीही. महिन्याभरातच शेजारच्या मशीनवरच्या एका जुन्या कामगाराने तपकिरीची डबी पुढे केली. थुंकायला उठावं लागत नाही, तोंडाला वास येत नाही. शपथ तोंडाची होती, नाकाची नव्हती, असं मी स्वतःला समजावलं.

तपकिरीने रुमाल तांबूस होतात. म्हणून मी स्वतःचे रुमाल स्वतः धुवायला लागलो. मशीनच्या तेलाचे डाग आहेत, तुझे हात कशाला खराब, असं बायकोला सांगितलं. ती हे कौतुकाने आळीभर सांगत असे. "आमच्या ह्यांचं एक आहे बाई, रुमाल कधी मला धुऊ देत नाहीत." दहा वर्षं हे कौतुक मी मान खाली घालून ऐकलं.

त्या दहा वर्षांत मी उजव्या बाजूनेच चावत होतो. मधे काही दिवस काढता-घालता येणारी दातांची पट्टी वापरली, पण ती जेवताना सुटायची. मग उजव्या दाढाही कुरकुरायला लागल्या. त्याच सुमारास आमच्या कॉलनीत पिठाच्या गिरणीवर पहिल्या मजल्यावर एका तरुण डॉक्टरबाईंनी दातांचा दवाखाना थाटला. कायमचे दात बसवतात म्हणून बायको मला घेऊन गेली. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी हलकेच थरथरायची.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "काका, दाढा गेल्या की वरचं हाड झिजत जातं. त्याच्यावर, गालाच्या आत, हवेची पोकळी असते, ती खाली उतरते. दात बसवायला स्क्रू घालावा लागतो, त्याला निदान नऊ-दहा मिलिमीटर हाड हवं. तुमच्याकडे जेमतेम तीन आहे."

मला हे लगेच समजलं. मायक्रोमीटर हातात घेऊन आयुष्य गेलं होतं. "म्हणजे मालच नाही, तर आटे कुठे पाडणार," मी म्हणालो. त्या हसल्या. "बरोब्बर. म्हणून आधी माल भरायचा."

बायकोने लगेच विचारलं, "भरायचं म्हणजे कुठल्या प्राण्याचं हाड?"

"कुठल्याच नाही काकू. काकांच्याच हनुवटीतून थोडं काढायचं, बारीक करायचं आणि वर भरायचं. सहा महिन्यांत ते धरतं. मग स्क्रू."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी सांगायची त्यांना काही गरज नव्हती. शिकताना सरांबरोबर हे काम पुष्कळदा केलंय, पण स्वतःच्या दवाखान्यातलं हे पहिलंच. मोठ्या दवाखान्यात करून घ्यायचं असेल तर चिठ्ठी लिहून देईन. त्यांच्या त्या सरळपणामुळेच आम्ही हो म्हणालो. आणि लगेच त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "तंबाखू, बिडी, सिगारेट?"

"कधीच सोडली," बायको माझ्या आधी बोलली.

"नाकाचं काही? सारख्या शिंका, जुनी सर्दी, तपकीर?"

डबी माझ्या खिशात होती. बायको शेजारी होती. मी म्हणालो, "नाही."

शस्त्रक्रियेला दोन तास लागले. जबडा बधिर होता, पण कान जागे होते. गालाच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडली. आतला पडदा अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखा असतो, तो न फाटता वर उचलायचा असतो. त्या कामाच्या वेळी डॉक्टरबाईंनी खाली निरोप पाठवून गिरणी बंद करायला लावली होती. तेवढी शांतता त्या जागी मी पुन्हा कधी ऐकली नाही. पडदा वर गेला तेव्हा त्यांनी श्वास सोडला. "शाबूत आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी ते ऐकलं होतं. पुढे हाच शब्द मला छळणार होता.

पथ्य साधं होतं. नाक शिंकरायचं नाही. जड उचलायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, अजिबात दाबायची नाही. दाबली की सगळा जोर त्या पडद्यावर जातो. बायकोने हे फ्रिजवर कागदावर लिहून लावलं.

नऊ दिवस मी डबीला हात लावला नाही. दहाव्या दिवशी कामावर परतलो आणि अर्धी चिमूट ओढली. तोंड उघडं ठेवून शिंकलो. काही झालं नाही. म्हणजे चालतं, असं मी ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात चांदवडला मेव्हण्याच्या मुलीची सुपारी फुटणार होती. तिचं आधी एक जुळलेलं मोडलं होतं, त्यामुळे सगळं घर धास्तावलेलं. आम्ही पोहोचलो तर ओट्यावर बायकोची आत्या सगळ्यांना दम देत होती. "सुपारी फुटताना कोनी शिंकायचं नाय, आधीच सांगते. मागल्या बारीला तो मेला शिंकला आन् काय झालं ते पायलं ना?"

"आत्या, शिंक काय विचारून येती का?" मेव्हणा म्हणाला.

"मंग ज्याला येती त्यानं कांद्याच्या चाळीकडं जाऊन बसावं!"

सगळे हसले. मीही हसलो. मेव्हण्याने माझा हात धरून मला पुढच्या सतरंजीवर नेलं. "दाजी, तुम्ही थोरले, इथं बसा." शेजारी मुलाचे वडील होते. फेटा, पिकलेल्या मिशा. थोडं बोलणं झालं, आणि त्यांनी बंडीतून पितळी डबी काढून टिचकी मारली. "घ्या पाव्हणं. सोयरीक झाली म्हनायची."

नव्या सोयऱ्याने पुढे केलेली चिमूट नाकारणं वाईट दिसतं, हे खरं आहे. पण डॉक्टरांनी मना केलंय, असं म्हणालो असतो तर त्यांनीच पाठ थोपटली असती. मला त्या माणसावर ढकलायचं नाही. बायको आत बायकांमध्ये होती, बघणारं कोणी नव्हतं, आणि तपकीर चांगली होती. मी भरपूर ओढली.

भटजींनी सुपारी पाटावर ठेवली, मेव्हण्याने अडकित्ता उचलला, आणि माझ्या नाकात कळ उठली. उठून जायला जागा नव्हती. समोर आत्या. दारात, पदर सावरत उभी असलेली ती मुलगी. तोंड उघडायचं, एवढंच करायचं होतं. मी दोन बोटांनी नाक घट्ट आवळलं, ओठ मिटले आणि शिंक आतल्या आत गिळली.

डाव्या गालात काहीतरी फुटलं. आवाज मला एकट्यालाच आला. त्याच क्षणी सुपारी फुटली आणि सगळ्यांनी "चांगलं झालं, चांगलं झालं" केलं. तोंडात खारट चव उतरली. मी परसातल्या नळावर गेलो. नाकातून रक्त येत होतं. रुमालावर रक्ताबरोबर रव्यासारखे पांढरे कण होते. माझ्याच हनुवटीतलं हाड. मी रुमाल धुतला, पिळला, घडी करून खिशात घातला. मग आत जाऊन शिऱ्याचा घास घेतला आणि उजवीकडून चावला.

आठवड्यात गाल सुजला, ताप आला, नाकातून घाण वास येऊ लागला. डॉक्टरबाईंनी जखम पुन्हा उघडली आणि भरलेलं सगळं काढून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "काका, शिंक दाबली होती का? नाक शिंकरलं होतं? काहीही असलं तरी सांगा, मी रागावणार नाही."

मी मान हलवली. नाही.

"डॉक्टर, आमच्या माणसाला पथ्य दोनदा सांगावं लागत नाही," बायको म्हणाली. एवढ्यावर ती थांबली नाही. बाहेर पाचसहाजण बसले होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "हात बसलेला नसताना लोकांचे जबडे फोडू नयेत माणसाने." मी गालाला फडकं धरून तिच्या मागे उभा होतो. डॉक्टरबाई दारात होत्या. हातातल्या केसपेपरवर त्यांनी नुकतंच लिहिलेलं मला दिसत होतं: 'पडद्याला शस्त्रक्रियेच्या वेळी छिद्र पडलेले, लक्षात आले नसावे.'

शाबूत आहे, हे त्या स्वतः म्हणाल्या होत्या, आणि मी ऐकलं होतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. टीव्हीसमोर बसलो की उठायचो. जीभ सारखी त्या रिकाम्या जागेवर जायची. कामावर जाताना गिरणीवरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने स्कूटर घालायचो आणि बायकोला सांगायचो, इकडे खड्डे कमी आहेत. दोन वेळा माप चुकून माल वाया घालवला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. हनुवटीतून हाड काढल्यामुळे तिथली कातडी बधिर राहिली होती. रोज सकाळी दाढी करताना वस्तरा गालावर कळायचा, ओठाखाली कळायचा नाही. रोज त्याच जागी आठवण. डबी मात्र सुटली. त्यात माझं कर्तृत्व नाही. नाकाशी नेली की रुमालातले ते कण दिसायचे आणि मी झाकण लावून टाकायचो.

बायकोने त्या दवाखान्याबद्दल सगळीकडे सांगितलं. दोघी-तिघींनी चाललेली कामं तिथून दुसरीकडे नेली. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "जाऊ दे ना, कशाला." तिला तो माझा मोठेपणा वाटायचा.

पुढच्या दिवाळीआधी बायकोला ताप होता म्हणून भाजणीचा डबा घेऊन मलाच गिरणीवर जावं लागलं. मी नंबर लावून उभा होतो, तेवढ्यात डॉक्टरबाई जिना उतरून आल्या. मला बघून टाळतील असं वाटलं. त्या सरळ जवळ आल्या.

"काका, हनुवटीचा बधिरपणा गेला का?"

"थोडा आहे."

"येईल संवेदना. वेळ लागतो." मग म्हणाल्या, "आणि दाढांचं पुढे करून घ्या हं. माझ्याकडे नको, मी ते काम आता बंद केलंय. कोणी आलं तर मुंबईला पाठवते. तुमच्या वेळी माझ्या हातून काहीतरी राहिलं. अजून कळत नाही काय, पण राहिलं."

त्या निघून गेल्या. गिरणीवाला ओरडला, "ओ काका, भाजणी!" पण मी चालायला लागलो होतो. रिकाम्या हाताने घरी पोहोचलो.

बायको पांघरूण घेऊन पडली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबी, रुमाल, चांदवड, रव्यासारखे कण. ती उठून बसली.

"म्हणजे ते तेलाचे डाग नव्हते."

"नाही."

"आणि मी दहा वर्षं गावाला सांगत फिरले, आमचे हे रुमाल धुतात." तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "त्या पोरीला मी चारचौघांत काय काय बोलले. तुम्ही मागे उभे होतात. ऐकत होतात."

"हो. माझं चुकलं."

"मला काय सांगताय? जा की वर. आणि भाजणी घेऊन या."

मी लगेच परत गेलो. उद्यावर टाकलं असतं तर गेलो नसतो, हे मला माहीत होतं. जिना चढलो तेव्हा बाहेरच्या बाकावर चारजण बसले होते. त्यातल्या एक बाई आमच्याच आळीतल्या होत्या. मदतनीस मुलगी म्हणाली, "बसा, नंबर आला की आत सोडते." आत दार लावून सांगता आलं असतं. पण त्यांचा अपमान आत झाला नव्हता. तो ह्याच बाकांसमोर झाला होता. मी म्हणालो, "त्यांनाच जरा बाहेर बोलवा."

डॉक्टरबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं काका? गाल सुजलाय का?"

खाली गिरणी चालू होती, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

"डॉक्टर, तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं. मी तपकीर ओढत होतो आणि तुम्ही विचारलं तेव्हा नाही म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात तपकीर ओढून आलेली शिंक मी नाक आवळून दाबली. हाडाचे कण रुमालात आले, ते मी पाहिले आणि धुऊन टाकले. तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हा पुन्हा खोटं बोललो. इथे तुम्हाला बोल लागले, तेव्हा मी ह्याच जागी गप्प उभा होतो. पडदा शाबूत होता. तुम्ही तसं म्हणाला होतात, मी ऐकलं होतं. केसपेपरवरचं ते वाक्य खोडा आणि माझं नाव लिहा. आणि मला माफ करा."